पक्ष्यांवरची पीएच.डी. हा लाड नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला समुद्री पवनचक्क्यांवरचा लेख वाचला. एक दिवस उलटला, तरी ‘पक्षी मोजण्यासाठी डॉक्टरेट हा श्रीमंत देशांचा लाड’ हे त्यातले वाक्य डोक्यातून जात नाही. लेखकांचा ऊर्जाक्षेत्राचा अभ्यास आहे, त्याबद्दल आदरच आहे. पण ज्या डच उदाहरणावर त्यांनी टीका केली ते त्यांनी पूर्ण सांगितले असते, तर हे वाक्य त्यांना लिहिताच आले नसते.

13 मे 2023 च्या रात्री नेदरलँड्सच्या समुद्रात बोर्सेले आणि एग्मंड आन झे इथल्या चक्क्यांचा वेग, स्थलांतर करणारे पक्षी आदळू नयेत म्हणून, चार तास मिनिटाला दोन फेऱ्यांच्याही खाली आणला होता. लेखात एवढेच येते आणि पुढे सगळी चर्चा नुकसानीची. ते चार तास निवडले कोणी आणि कशावरून? ग्रिडमधून एवढी वीज अचानक गेलेली चालत नाही, सांभाळणाऱ्यांना दोन दिवस आधी कळावे लागते. म्हणजे पक्षी कोणत्या रात्री मोठ्या संख्येने समुद्र ओलांडणार, हे दोन दिवस आधी सांगता आले पाहिजे. ॲम्स्टरडॅम विद्यापीठात माया ब्राडारिच यांनी पीएच.डी. करताना रडारच्या नोंदी आणि हवामान यांची सांगड घालून नेमके हे भाकीत करणारे प्रारूप तयार केले. त्याच्या जोडीला पक्षितज्ज्ञांचा गट आपला अंदाज देतो आणि मग निर्णय होतो. स्थलांतराचा मोठा लोंढा मोजक्याच रात्री जातो, वारा पाठीशी असेल तेव्हा. त्या रात्री ओळखता येतात म्हणून इतर रात्री चक्क्या थांबवाव्या लागत नाहीत. लेखक ज्याला लाड म्हणतात, त्याच कामाने वीजही वाचवली आहे.

समुद्रात पडलेला पक्षी कोणाला दिसत नाही, त्याची नोंद होत नाही. जर्मनीच्या फिनो-1 या समुद्रातल्या संशोधन मंचावर ऑक्टोबर 2003 ते डिसेंबर 2004 या काळात 21 जातींचे 442 मेलेले पक्षी सापडले. त्यांतले निम्म्याहून अधिक फक्त दोन रात्रींत आदळले होते, धुके आणि रिमझिम असताना, मंचाच्या दिव्यांकडे ओढले जाऊन. तिथे तर फिरणारी पातीही नव्हती. हे मंचावर पडलेले. पाण्यात किती गेले ते कोण सांगणार?

आता माझ्या भाचीबद्दल लिहिते, कारण ते वाक्य मला लागले ते तिच्यामुळे. तिला रायगडच्या किनाऱ्यावरून रात्री जाणाऱ्या पक्ष्यांवर पीएच.डी. करायची होती. चिखल्या, तुतारी, सुरय हे पक्षी अंधारात उडताना आवाज देतात. ते आवाज रेकॉर्ड करायचे, रडारच्या नोंदींशी ताडून पाहायचे आणि कोणत्या वाऱ्याला किती पक्षी जातात ते शोधायचे, असा तिचा विषय. संशोधन समितीपुढे तिने सादरीकरण केले तेव्हा एका सदस्यांनी विचारले, ‘‘याने कोणाचे पोट भरणार?’’ दुसरे म्हणाले, हे प्राणिशास्त्रात बसत नाही, भौतिकशास्त्राकडे जा. रडारच्या नोंदींसाठी विद्यापीठाचे शिफारसपत्र हवे होते, ते या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले. शेवटी ‘तालुक्यातील पक्ष्यांची यादी’ असा विषय तिच्या गळ्यात मारला गेला. रेकॉर्डर तिने स्वतःच्या पैशांनी घेतला, कारण फेलोशिप महिनोन्‌महिने रखडलेली. मग गाइड निवृत्त झाले आणि दुसरे कोणी घ्यायला तयार होईना. आज ती एका क्लासमध्ये नीटच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. चांगले शिकवते, मुलांची लाडकी आहे. पण तिच्या त्या विषयावर या किनाऱ्यावर आज कोणीही काम करत असल्याचे मला दिसत नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो.

हा राग फक्त मावशीचा नाही. समुद्रातल्या पवनऊर्जेसाठी केंद्राने जून 2024 मध्ये 7,453 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. गुजरात आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यांजवळ प्रत्येकी 500 मेगावॅट. गुजरातची जागा खंबातच्या आखाताकडची. बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) 2022 मध्ये ठाणे खाडीत टॅग लावलेले फ्लेमिंगो भावनगरकडे गेले होते, म्हणजे त्याच आखाताच्या काठी. ते कोणत्या उंचीवरून, कोणत्या रात्री, कोणत्या वाऱ्यात जातात हे चक्क्या उभ्या राहण्याआधी नोंदायला हवे. डेन्मार्कमध्ये निस्टेडच्या समुद्री पवनचक्क्यांबाबत तसे केले होते. आधीचे मार्ग रडारवर नोंदलेले होते, म्हणूनच मार्क डेसहोल्म आणि त्यांच्या सहकाऱ्याला 2005 मध्ये दाखवता आले की चक्क्यांच्या क्षेत्रात शिरणारे बदकांचे आणि हंसांचे थवे साडेचार पटींनी घटले आणि एक टक्क्याहून कमी पक्षी धोक्याच्या अंतरात आले. डेसहोल्म यांची पीएच.डी.ही याच विषयावरची. हा निष्कर्ष पवनचक्क्यांच्या बाजूचा आहे, हे लेखकांनी लक्षात घ्यावे. मीही पवनऊर्जेच्या विरोधात नाही. पण चक्क्या उभारल्यावर ‘आधीचे’ आकडे कुठून आणणार?

साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर चक्क्या आधीच उभ्या होत्या, त्यामुळे ती संधी गेलीच होती. तिथे 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चक्क्या असलेल्या आणि नसलेल्या जागांची तुलना करावी लागली. चक्क्यांच्या जागी शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी आणि सरडे जास्त, असे आढळले. आपल्याच पठारावरचे हे काम लेखात नाही, याचे वाईट वाटले.

खंबातच्या प्रकल्पात पक्ष्यांच्या पूर्वनोंदींसाठी किती रक्कम ठेवली आहे आणि त्यावर किती विद्यार्थी पीएच.डी. करत आहेत, हे आपल्या प्रतिनिधीने संबंधित खात्याला विचारावे आणि उत्तर छापावे.

आणखी एक. लेख उत्तर समुद्राचा, रात्री उडणाऱ्या कस्तुर आणि रॉबिनसारख्या छोट्या पक्ष्यांचा, आणि त्यावर अर्धे पान छायाचित्र फ्लेमिंगोंचे, तेही भरदुपारचे. खाली ‘स्थलांतरित पक्षी’ एवढीच ओळ. छायाचित्र कुठले, पक्षी कोणता हे लिहिण्याची पद्धत आपल्याकडे पूर्वी होती, ती पुन्हा सुरू करावी ही विनंती.

कळावे,
एक निवृत्त शिक्षिका, अलिबाग