वाळूत उभी असलेली घोडी

पुणे, 14 सप्टेंबर 2025

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार. तुझी दोन पत्रे उत्तराविना पडून आहेत, याची मला लाज वाटते. माझी साखर आटोक्यात आहे, गुडघा दुखतो, तब्येतीचे एवढेच. आज लिहायला बसलो, कारण सहा महिने मनात साचलेली गोष्ट ज्याला सांगावी असा परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयाच्या वसतिगृहातला तुझ्याशिवाय दुसरा कुणी नाही.

मागच्या भेटीत जिने तुझ्या शर्टाची बाही चावली होती, ती घोडी मार्चमध्ये व्याली. शिंगरू उत्तम झाले, पण वार पडली नाही. तीन तासांत ती पडायला हवी आणि मी पोचेपर्यंत नऊ तास उलटले होते. पुढचे तुला सांगायला नको. विष अंगात भिनून खुरांचा लॅमिनायटिस झाला, तिसऱ्या दिवशी पुढचे दोन्ही खूर तापले आणि घोट्यामागची नाडी बोटाखाली ठणठण उडू लागली. बर्फ, फिनाइलब्यूटाझोन, खुराच्या मधल्या गादीला आधार, खाली हातभर वाळू, सगळे केले. जूनमध्ये ती चालू लागली, तेव्हा मी पेढे वाटले. ऑगस्टमध्ये दुखणे उलटले. खुराची भिंत आणि आतले हाड यांना धरून ठेवणारे पापुद्रे सुटत चालले आहेत आणि ताज्या एक्स-रेमध्ये हाडाचे टोक तळव्याकडे वळलेले दिसते. पुढचे पाय लांब टाकून, सारा भार मागे घेऊन ती वाळूत उभी असते. मालक म्हणतात, ‘डॉक्टर, निर्णय तुमचा.’

अशातच अमेरिकेतल्या शर्यतींचा जॉकी रॉन टर्कॉट गेल्याची बातमी वाचली. 1973 मध्ये न्यूयॉर्कच्या ज्या बेलमाँट रेसकोर्सवर त्याने आपल्या लाडक्या सेक्रेटेरिएट घोड्याला 31 घोडालांब्यांनी जिंकवले, दीड मैल 2 मिनिटे 24 सेकंदांत, त्याच बेलमाँटवर 1978 मध्ये घोड्यावरून पडून तो कमरेखाली लुळा झाला आणि पुढची 47 वर्षे चाकांच्या खुर्चीत जगला. बातमी वाचताना मला तो विजय आठवला नाही. 1989 सालचा ऑक्टोबर आठवला, जेव्हा सेक्रेटेरिएटला याच रोगापायी दयामरण दिले गेले आणि मेसमध्ये आपले कडाक्याचे भांडण झाले. असा घोडा पुन्हा होणार नाही, त्याला वाचवायला आणखी वर्षभर झगडायला हवे होते, असे मी ओरडत होतो. तू शांतपणे विचारलेस, ‘ते वर्ष उभे कुणी राहायचे?’ मी आठवडाभर तुझ्याशी बोललो नाही. विनायक, तेव्हा तुझे बरोबर होते. हे सांगायला मला छत्तीस वर्षे लागली.

एवढे कबूल केले म्हणून बाकीचे वाद मी सोडलेले नाहीत. सेक्रेटेरिएटचे हृदय 22 पौंडांचे होते असे तू आजही छातीठोक सांगत असशील, पण त्याचे शवविच्छेदन करणाऱ्या डॉ. स्वेर्झेक यांनी ते काट्यावर ठेवलेच नव्हते, तो त्यांचा अंदाज होता. तोललेले हृदय त्याचा प्रतिस्पर्धी घोडा शॅमचे, 18 पौंडांचे, आणि बिचारा शॅम त्या बेलमाँटमध्ये शेवटचा आला. तसेच ‘पैदाशीच्या हक्कांचे 60 लाख 80 हजार डॉलरचे भाग विकले आणि वळू म्हणून फुकट गेला’ हे तुझे पालुपद. अरे, त्याच्या मुलींकडे पाहा! टर्लिंग्वाच्या पोटी स्टॉर्म कॅट आणि वीकएंड सरप्राइजच्या पोटी ए. पी. इंडी, हे नामांकित वळू काय फुकट गेलेल्याचे नातू? (महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घोड्याचे नाव शशीच्या नावाशी जुळते म्हणून मेसचे पैसे लावणाऱ्याने वंशावळीवर बोलावे, हेच नवल.)

आता खरे सांगतो. या घोडीच्या बापाचा आजा स्टॉर्म कॅट. म्हणजे पाचव्या पिढीत सेक्रेटेरिएटच, बत्तिसातला एक हिस्सा. एवढ्याशा रक्ताने काही ठरत नाही हे मी विद्यार्थ्यांना शिकवतो. तरीही रात्री तबेल्यात गेलो, की मला तो बत्तिसावा हिस्साच दिसतो आणि दयामरणाची सुई भरायला हात धजत नाही. मी तिच्यासाठी थांबलो आहे, की त्या नावासाठी, की त्या नऊ तासांसाठी?

शिंगरू गेल्या आठवड्यात आईच्या दुधावरून तोडले. म्हातारा सईस रोज संध्याकाळी तिच्या डोळ्यांवरच्या माश्या हाकत बसतो आणि काही विचारत नाही. अमेरिकेत लेक्सिंग्टनच्या हॉर्स पार्कमधल्या सेक्रेटेरिएटच्या पुतळ्यात टर्कॉट वर बसला आहे आणि लगाम धरून त्याचा सईस एडी स्वेट चालतो आहे, हे तूच लिहिले होतेस. सईसाला पुतळ्यात जागा देणाऱ्यांविषयी मला फार आदर वाटतो.

मुलीचे लग्न ठरले, अभिनंदन. वहिनींची शस्त्रक्रिया नीट झाली ना? नवे घर मोठे आहे असे ऐकतो.

काल ती पहिल्यांदाच ओंजळीतला गूळ न खाता तशीच उभी राहिली. सोमवारी शेवटचा एक्स-रे काढतो आहे. तो तुला लगेच पाठवीन. बघ आणि फोन कर. तुझ्याकडे कितीही वाजले असोत. मला धीर देऊ नकोस, 1989 मध्ये बोललास तसेच बोल. सुई मीच देईन, दुसऱ्या कुणाला देऊ देणार नाही. फक्त त्या वेळी तू फोनवर असावास, एवढेच मागणे आहे.

तुझा,
सदाशिव