बाबा, स्पीकर बिघडलेले नाहीत, झोपतायत

बाबा, नमस्कार,

तुमचा व्हॉइस मेसेज ऐकला, कॉम्प्युटरचे स्पीकर गाण्याच्या मधेच गप्प होतात आणि माझ्या कॉलची रिंगही ऐकू येत नाही म्हणून. स्पीकर दुरुस्तीला अजिबात नेऊ नका आणि स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन तर मुळीच बसू नका, आत थेट 230 व्होल्ट येतात आणि प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते. तुमचा तो टेस्टर कपाटातच असूदे.

झालंय काय, तर हे स्पीकर मी इथे जर्मनीत घेतलेले, आणि इथे युरोपियन युनियनचा 1275/2008 नंबरचा एक नियम होता (2025 पासून त्याच्या जागी नवा आलाय), त्यानुसार 2013 पासून असल्या वस्तू वापरात नसल्या की आपोआप स्टँडबायवर, म्हणजे झोपल्यासारख्या नावापुरत्या चालू, गेल्या पाहिजेत आणि तेव्हा अर्ध्या वॅटच्या वर वीज खायची नाही. नियम चांगलाच आहे हो, कारण इथे भिंतीतल्या सॉकेटला बटणच नसतं, प्लग घातला की वस्तू कायम चालू. आपल्याकडे प्रत्येक सॉकेटला बटण आणि तुम्ही तर झोपायच्या आधी घरभर फिरून सगळी बंद करणारे, तुम्हाला हा नियम कशाला हवाय!

आता गाणं चालू असताना मधेच गप्प का होतात ते सांगतो. स्पीकरला कॉम्प्युटर चालू आहे का बंद ते कळत नाही, त्याला फक्त वायरीतून किती सिग्नल येतोय तेवढं कळतं. तो ठराविक मर्यादेच्या खाली वीसेक मिनिटं राहिला की ह्याच्या मते कोणी ऐकत नाहीये. आणि तुमची सवय मला माहितीये, कॉम्प्युटरचा आवाज 15 वर आणि स्पीकरचा नॉब पार शेवटपर्यंत फिरवलेला. बहुतेक स्पीकरांत हे मोजमाप नॉबच्या आधीच होतं, त्यामुळे खोलीभर विलंबित ख्याल ऐकू येत असला तरी स्पीकरच्या लेखी सगळी शांतताच, मग तो खुशाल झोपतो. म्हणून आधी उलटं करून बघा, कॉम्प्युटरचा आवाज 80-90 वर न्या आणि नॉब खाली आणा. अर्धी तक्रार तर इथेच मिटेल.

उरलेली अर्धी म्हणजे माझा कॉल आला तरी रिंग ऐकू येत नाही ती. झोपलेला स्पीकर जागा व्हायला सेकंदभर घेतो, कधी आधी टक्क असा आवाज करतो, तेवढ्यात मेसेजची टिंग तर वाजून संपलेली असते आणि रिंगचीही सुरुवात गेली. काही स्पीकरांना मागे ऑटो स्टँडबाय बंद करायचा छोटा खटका असतो, काहींत पॉवरचं बटण दाबून धरावं लागतं (त्या नियमात एवढंच होतं की विकताना ही सोय चालू पाहिजे, नंतर बंद करायला कुणाची ना नाही). पण आपल्या ह्या जुन्या मॉडेलला तसलं काहीच दिलेलं नाही, कंपनीने पैसे वाचवले असणार, दुसरं काय.

तर मग त्याला जागं ठेवायला सतत काहीतरी ऐकवत राहायचं. साउंड कीपर नावाचा एक छोटासा फुकट प्रोग्राम आहे विंडोजसाठी, तो मागे बसून कानाला ऐकू न येणारा आवाज सोडत राहतो. नुसती कोरी शांतता वाजवून आपल्या स्पीकरला फरक पडणार नाही, त्याला खरा सिग्नल लागतो, म्हणून मी 10 हर्ट्झचा (सेकंदाला दहा कंपनांचा) सूर लावणार आहे, माणसाच्या कानाला 20 च्या खालचं सहसा ऐकू येत नाही. सुरुवातीला अगदी बारीक ठेवू, पुरला नाही तर थोडा वाढवू, उगाच मोठा ठेवला तर स्पीकरचा पडदा हलत बसेल.

वीजबिलाचं विचारणार तुम्ही, ते आधीच सांगतो, जागं राहून पाच वॅट खातो असं धरलं तर चोवीस तास चालू ठेवून महिन्याला 3.6 युनिट, आणि रात्री तुम्ही बटण बंद करणारच म्हणजे त्याहूनही कमी.

शनिवारी संध्याकाळी साडेपाचला कॉम्प्युटर चालू करून बसा, इथे तेव्हा दुपार असते, मी एनीडेस्कने (दुरून कॉम्प्युटर चालवायचा प्रोग्राम) आत येऊन सगळं लावून देतो, तुम्ही फक्त स्क्रीनवरचा नंबर वाचून दाखवा आणि तेवढा वेळ माउसला हात लावू नका. आणि आईला सांगा, पार्सलमध्ये मेतकूट जास्त घाल, चिवडा नको, इथे पोचेपर्यंत त्याचा पार भुगा होतो.