बासवाल्याची रिकामी जागा

महोदय,

बऱ्याच वर्षांनी पुन्हा जमणाऱ्या बँडवरचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. जुन्या नावावर पैसा करायचा धंदा, असं त्यात सरसकट म्हटलंय. पुष्कळदा ते खरंही असतं. पण त्या यादीत 'द कार्स' या अमेरिकी रॉक बँडचा २०११ सालचा 'मूव्ह लाइक धिस' हा अल्बम दिसला आणि राहवेना.

कॉलेजात असताना मी बँडमध्ये बास गिटार, म्हणजे गाण्याचे खालचे, जाड सूर धरणारी गिटार, वाजवायचो. (बासवाल्याकडे कुणी बघत नाही, ते जाऊ द्या.) त्यामुळे कुठलंही गाणं लागलं की माझा कान आधी खाली जातो. बोस्टनच्या या बँडचा १९८७ नंतर नवा अल्बम नव्हता. त्यांचा बासवाला बेंजामिन ऑर २००० साली स्वादुपिंडाच्या कर्करोगानं गेला. 'ड्राइव्ह' या त्यांच्या गाण्यातला तो मऊ आवाज त्याचाच. नावावर पैसाच करायचा होता, तर कुणीही चांगला बासवाला पगारी ठेवून मोकळे झाले असते. उरलेल्या चौघांनी तसं केलं नाही. बासचा भार मुख्यतः ग्रेग हॉक्स या कीबोर्डवाल्यानं उचलला, काही ठिकाणी तर ऑरचीच गिटार हातात घेऊन. नंतरच्या दौऱ्यातही बासवाल्याची जागा रिकामी होती.

हेडफोन लावून ऐका. काही गाण्यांत खालचा सूर कीबोर्डचा आहे हे लगेच कळतं. सूर ठोक्यावर नेमका सुरू होतो आणि नेमका तुटतो; बोट तारेवरून सरकताना जी बारीक खरखर येते, ती नाही. मला ते उणं वाटलं नाही. या बँडची चाल मुळातच अशी ताठ, घड्याळासारखी.

उणीव आहे ती गळ्याची. बँडचा दुसरा गायक रिक ओकासेक, त्याचा आवाज कोरडा, शब्द तोडत जाणारा. पूर्वी मध्येच ऑर गायला लागला की कानाला विसावा मिळायचा. इथे दहाही गाणी ओकासेकच गातो. 'सून' (म्हणजे 'लवकरच', घरातली सून नव्हे) या संथ गाण्यात तर दुसऱ्या कडव्याला ऑर येईल अशी मी दरवेळी वाट बघतो. लेखकानं यावरून अल्बमला नावं ठेवली असती, तर मी गप्प बसलो असतो.

२०१८ मध्ये 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम' या रॉक संगीतातल्या मानाच्या सन्मानाच्या सोहळ्यात हे चौघे पुन्हा वाजवायला उभे राहिले. सोहळा क्लीव्हलँडला, म्हणजे ऑरच्याच गावी. त्या रात्री मात्र बासवाला होता: 'वीझर' बँडचा स्कॉट श्राइनर. याच वीझरचा पहिला अल्बम १९९४ साली ओकासेकनं निर्माता म्हणून घडवला होता. म्हणजे शेवटी माणूस आणला तोही घरचाच. पुढच्या वर्षी सप्टेंबरात ओकासेकही गेला.

आपला,
एक जुना बासवाला