ओंकारचा गोळा का अडला

कऱ्हाड,
१२ ऑगस्ट

प्रिय दिल्या,

फोनवर तुला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसलोय. पोलीस भरतीसाठी तुझा ओंकार पहाटे पळतो, संध्याकाळी पुन्हा पळतो, अकॅडमीतले सर वर दोनशे-दोनशे बैठका काढून घेतात. तरी गोळा आहे तिथेच पडतो, आणि शंभर मीटरची वेळ उलट वाढली. ‘पोरगं कष्टाला कमी नाही, मग घोडं अडतंय कुठं?’ असं तू विचारलंस. कष्ट भरपूर आहेत रे, पण सगळे एकाच जातीचे.

भरतीच्या ग्राउंडचा, म्हणजे मैदानी चाचणीचा, हिशेब मांडून बघ. सोळाशे मीटरला २० गुण, शंभरला १५, गोळ्याला १५. म्हणजे ५० पैकी ३० गुण झटक्याच्या कामाचे आहेत आणि त्याचा सगळा सराव २० गुणांचा चाललाय.

मांडीच्या स्नायूत लाखो तंतू असतात, काही संथ, काही जलद. कोंबडीच्या तंगडीचं मांस गडद आणि छातीचं पांढरट असतं ना, तसंच हे. दिवसभर चालणाऱ्या तंगडीत संथ तंतू जास्त, क्षणभर फडफडणाऱ्या छातीत जलद. माणसाच्या मात्र एकाच मांडीत दोन्ही मिसळलेले असतात. संथ तंतू प्राणवायूवर चालतात, लवकर दमत नाहीत, पण त्यांच्यात झटका नाही. जलद तंतू क्षणात जोर काढतात आणि तितक्याच लवकर थकतात.

कुठले तंतू कधी कामाला लावायचे, याचा क्रम ठरलेला असतो. हेनेमन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने तो दाखवून दिला. स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी असतात, त्यातल्या आधी लहान जाग्या होतात, त्यांच्या ताब्यात संथ तंतू असतात. जोर जास्त लागला तरच मोठ्या उठतात, आणि जलद तंतू त्यांच्याकडे. ओंकार रमतगमत पाच-सहा किलोमीटर पळतो तेव्हा या मोठ्या बहुतेक झोपलेल्याच असतात. बैठका पार दम जाईपर्यंत मारल्या तर जलद तंतूही ओढले जातात, मांडी भरतेही. पण ७.२६० किलोचा गोळा हातातून सुटतो तो एका सेकंदाच्या आतल्या धक्क्यानं. तेवढ्यात सगळा जोर एकदम लावायचा, हे बैठकांतून येत नाही. तालमीत वस्ताद आपल्याकडून बैठका काढून घ्यायचे ते त्यांच्या जागी बरोबर होतं. मॅटवरची कुस्ती सहा मिनिटं चालते, तिथं दम लागतो.

आता शंभरची वेळ का वाढली असेल ते. १९८० साली हिक्सन या अमेरिकन संशोधकाने लोकांचे तीन गट करून दहा आठवडे सराव घेतला. एक गट फक्त वजनं उचलणारा, दुसरा फक्त दमाचा सराव करणारा, तिसरा दोन्ही करणारा. तिसऱ्या गटाची ताकद सहा-सात आठवडे पहिल्याच्या बरोबरीनं वाढली, मग थांबली आणि शेवटी घसरली. दम मात्र कमी झाला नाही. हिक्सनचा सराव फारच कडक होता, आठवड्यातले पाच-सहा दिवस दोन्ही, त्यामुळे पळणाऱ्यानं वजन उचलूच नये असं काही त्यातून निघत नाही. पण ओंकारचं वेळापत्रक बघून मला तोच तिसरा गट आठवला. त्यात त्याच्याकडे वजनंही नाहीत.

म्हणून असं कर. आठवड्यातून दोनदा जड वजनाच्या बैठका, एका सेटला चार-पाचच्या वर नाही, आणि दोन सेटच्या मध्ये तीन मिनिटं बसायचं. सुरुवातीला एखादा जाणकार शेजारी हवाच, पाठ गेली तर भरतीच गेली. त्यानंतर मेडिसिन बॉल, म्हणजे व्यायामाचा जड चेंडू, जीव खाऊन फेकायचा. पहिले काही आठवडे अंग भरलेलं दिसणार नाही, ताकद मात्र वाढेल, कारण आधी सुधारतात त्या मज्जापेशी. तोवर वहिनींना सांग, पोरगं वाळलं म्हणून ओरडू नका. तीस-साठ मीटरच्या धावा पूर्ण वेगात, मध्ये श्वास शांत होईपर्यंत थांबून. धापा टाकत पुन्हा पळाला की तो पुन्हा दमाचाच सराव होतो. आणि सोळाशे रोज मारायची गरज नाही. ५ मिनिटं १० सेकंदांत बसवायची असेल तर चारशेची एक फेरी साधारण ७७ सेकंदांची पडते. त्याच वेगात चारशे-चारशेच्या फेऱ्या, मध्ये विश्रांती, आठवड्यातून दोनदा बास.

ग्राउंडच्या आधीचा आठवडा-दीड आठवडा सराव निम्म्यावर आण. सगळी पोरं नेमकी तेव्हाच मरमर करतात. कमी का करायचा, तर सरावाने सगळ्यात जलद तंतू थोडे मवाळ, टिकाऊ जातीकडे झुकतात. डेन्मार्कमध्ये संशोधकांनी काही जणांकडून तीन महिने वजनाचा सराव करून घेतला आणि तीन महिने बंद ठेवला, तर ते जलद तंतू आधीपेक्षाही जास्त झाले. तीन महिने झोपून राहा असं नाही म्हणत मी, ओंकारला हा परिच्छेद वाचून दाखवू नकोस!

बाकी झोप, अंडी, डाळ तुमच्या घरी कमी नाही. कुणी इंजेक्शन सुचवलं तर त्याच्याकडे जाणं बंद.

त्याच्या तिन्हींच्या वेळा आणि अंतरं लिहून पाठव. दिवाळीत मी येतोच, तेव्हा गोळा बघू. त्याचा पाय आधी थांबतो की हात, ते डोळ्यानं बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या