संरक्षणाचा पैसा कुठून काढायचा?

ती. बाबांस,
सा. नमस्कार.

फोनवर तुम्ही म्हणालात, "आधी देश सुरक्षित पाहिजे, बाकीचं सगळं नंतर." बोलणं तिथेच थांबलं, पण माझ्या डोक्यातून ते जाईना. म्हणून लिहायला बसले.

सैन्य नको असं मी म्हणत नाही. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर केलेला हल्ला पाहिल्यावर तसं कोण म्हणेल? मला पटत नाही ते 'बाकीचं नंतर' हे.

इथे ब्रिटनमध्ये काय झालं बघा. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधान स्टार्मर यांनी २०२७ पर्यंत संरक्षणखर्च जीडीपीच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचं जाहीर केलं. त्यासाठी गरीब देशांना दिली जाणारी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून ०.३ टक्क्यांवर आणायचं ठरलं. ही मदत ज्यांच्या अखत्यारीत होती त्या मंत्री अ‍ॅनेलीझ डॉड्स यांनी राजीनामा दिला. संरक्षणखर्च वाढायला त्यांचा विरोध नव्हता. तो सगळा भार मदतीच्या पैशावर टाकायला होता.

मदत म्हणजे दानधर्म, परवडेल तेव्हा करावा, असं तुम्ही म्हणाल. पण तुमच्या दंडावर देवीच्या लसीचा व्रण आहे आणि आमच्या नाही, तो का? १९५८ मध्ये सोव्हिएत संघाने जागतिक आरोग्य परिषदेत देवी जगातून घालवायचा प्रस्ताव मांडला. पुढे अमेरिकाही त्यात पैसा आणि माणसं घेऊन उतरली. एकमेकांवर अण्वस्त्रं रोखून बसलेले हे दोन देश एकाच रोगाविरुद्ध कामाला लागले. नैसर्गिक लागणीचा शेवटचा रुग्ण १९७७ मध्ये सोमालियात सापडला आणि ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त जाहीर झालं. विसाव्या शतकात या रोगाने किमान तीस कोटी माणसं मारली असं मानतात. इतका मोठा शत्रू कुठल्याही सैन्याने हरवलेला नाही. मदतीचा पैसा कापताना तिजोरीत बचत दिसते. पण कुठल्या देशात साथीवर नजर ठेवणारं कुणी उरलं नाही, हे त्या हिशोबात कुठेच येत नाही.

हा वाद इथे जुना आहे. डिसेंबर १९४२ मध्ये, महायुद्ध चालू असताना, युद्धानंतरच्या समाजकल्याणाची योजना मांडणारा बेव्हरिज अहवाल आला. गरिबी, आजार, अज्ञान, बकाल वस्त्या आणि बेकारी हे पाच राक्षस त्यात होते. आधी हिटलरचं बघू, हे नंतर, असं लोक म्हणाले नाहीत. अहवाल विकत घ्यायला त्यांनी रांगा लावल्या. ५ जुलै १९४८ रोजी सर्वांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू झाली. ती उभारणाऱ्या मजूर पक्षाच्या सरकारनेच अणुबाँब बनवायचं ठरवलं आणि नाटो या पाश्चात्त्य लष्करी आघाडीच्या स्थापनेतही पुढाकार घेतला. म्हणजे पुरोगाम्यांना देशाच्या संरक्षणाची पर्वा नसते, हा आरोप इतिहासात टिकत नाही.

मग कोरियाचं युद्ध आलं. १९५१ मध्ये तीन वर्षांत ४७० कोटी पौंड शस्त्रसज्जतेवर घालायचं ठरलं आणि त्याच अर्थसंकल्पात चष्मे व कवळ्यांसाठी रुग्णांकडून पैसे घ्यायचं आलं. आरोग्यसेवा उभी करणारे अन्यूरिन बेव्हन मंत्रिमंडळातून बाहेर पडले. एवढा पैसा वेळेत खर्च करायला यंत्रं आणि कच्चा मालच उपलब्ध नाही, असं ते सांगत होते. त्याच वर्षी चर्चिल सत्तेवर आले आणि त्यांनाही तो कार्यक्रम लांबवावा लागला. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. भीतीच्या भरात ठरलेला आकडा कुणी तपासत नाही, आणि आरोग्याचा खर्च मात्र लगेच चैन ठरतो.

आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी आली. मागेल त्याला काम, ही वि. स. पागे यांची कल्पना. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. माझ्या दृष्टीने तीही सुरक्षाच. संयुक्त राष्ट्रांच्या १९९४ च्या मानव विकास अहवालाने हेच जगासमोर मांडलं: रोजीरोटी, अन्न, आरोग्य, पर्यावरण, माणसाचा जीव, त्याचा समाज आणि त्याचे राजकीय हक्क, या सगळ्यांत माणूस निर्धास्त असला पाहिजे.

यात एक धोका आहे आणि आमच्या बाजूचे लोक त्यावर कमी बोलतात. प्रत्येक प्रश्नाला सुरक्षेचं नाव दिलं की प्रत्येक प्रश्नात पोलीस शिरतात. निर्वासितांचंच बघा. जीव वाचवायला पळालेल्या माणसाची सुरक्षा बाजूला राहते आणि त्याच्यापासून आपली सुरक्षा कशी करायची, एवढीच चर्चा उरते. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक माजी प्रमुख सादाको ओगाता आणि अमर्त्य सेन यांच्या मानवी सुरक्षा आयोगाने २००३ मध्ये संरक्षणाच्या जोडीला लोकांचं सक्षमीकरण ठेवलं, ते मला पटतं. सरकारने सांभाळायचं, आणि सरकारला जाब विचारायची ताकदही लोकांच्या हातात राहायची. बोलल्याबद्दल तुरुंगात जायची भीती असेल तर सीमा कितीही भक्कम असो, तो माणूस सुरक्षित नाही.

२०२५ च्या जूनमध्ये नाटो देशांनी २०३५ पर्यंत संरक्षण व त्याच्याशी जोडलेल्या कामांवर जीडीपीच्या ५ टक्के खर्चाचं उद्दिष्ट ठेवलं. तो पैसा कर वाढवून आणायचा की दवाखान्यांतून आणि शाळांतून काढायचा, यावर आता वर्षानुवर्षं भांडण होणार. मी कर वाढवा म्हणणाऱ्यांच्या बाजूने आहे, आणि मोठ्या संपत्तीवर आधी. तुमचं मत काय? फोनवर नको, लिहून पाठवा, म्हणजे मला नीट उत्तर देता येईल.

आईला नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद.

आपली,
मीनल