चौकाचं घर घेतलं नाही

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
सा. न.

बाबा, इथे मोरोक्कोत तुमच्या मुक्कामासाठी तुम्ही पसंत केलेलं शेफशावेन गावातलं ते निळं घर मी घेतलेलं नाही. दुसरीकडे खोली घेतली आणि पैसेही भरले. फोनवर सांगायचा दोनदा प्रयत्न केला, पण तुम्ही दोन्ही वेळा त्या घरातल्या चौकाबद्दलच बोलायला लागलात आणि माझी जीभ रेटेना. म्हणून लिहितेय. पूर्ण वाचा, मग रागवा.

शनिवारी पहाटे इथून, टँजियरहून निघाले आणि स्वतः जाऊन बघून आले. फोटोवर भरवसा ठेवायचा नाही हे तुम्हीच शिकवलंत, माझ्यासाठी स्थळं बघायच्या दिवसांत.

घर फोटोतल्यासारखंच आहे, खोटं कशाला सांगू. दारातून आत गेलं की अंधारा बोळ, बोळ वळला की एकदम चौक. मधोमध लिंबाचं झाड, वरच्या मजल्याला लाकडी कठडा आणि डोक्यावर आभाळाचा चौकोन. मी नुसती उभी राहिले. वाईच्या आपल्या वाड्याच्या चौकात कुठल्या महिन्यात ऊन कुठल्या खांबाला टेकायचं ते तुम्ही सांगायचात, ते आठवलं. वाड्याचं जे झालं ते झालं, त्यावर आता बोलत नाही. पण तुम्हाला तेच घर का हवं होतं ते मला तिथे उभं राहून नीट कळलं, आणि कळूनही मी नको म्हणाले.

कारण जिना. तुमची खोली दुसऱ्या मजल्यावर. चौतीस पायऱ्या, मी मोजल्या. प्रत्येक पायरी वीत आणि वर तीन बोटं उंच, आणि भिंतीला कठड्याऐवजी एक दोर. वर गेल्यावर न्हाणीघरात उतरायला आणखी एक पायरी, तीही ओली. आई, तुझा डावा गुडघा डोळ्यांसमोर आला. घरमालकीणबाई म्हणाल्या, त्यांच्या सासूबाई ऐंशीच्या आहेत आणि दिवसातून चारदा चढतात. असतील. त्या सासूबाईंच्या छातीत दोन स्टेंट नाहीत.

आणि घरापर्यंत गाडी येत नाही. जुन्या गावात गाडीच शिरत नाही. गल्ल्या म्हणजे सगळ्या पायऱ्या, डोंगराच्या उतारावर. परवा पाऊस झाला होता, तर त्या सुंदर निळ्या पायऱ्या शेवाळलेल्या घाटासारख्या निसरड्या. सामान हमाल हातगाडीवरून नेतात, पण रात्री दोनला तुम्हाला काही झालं तर हातगाडीवरून न्यायचं का? हे लिहू नये, कळतंय मला. पण गणपतीत दवाखान्यात तुमच्यासाठी काकानं सही केली तेव्हा मी विमानात होते. तेव्हापासून कुठेही गेले की आधी गाडी कुठवर येते तेच बघते. त्या वेळेबद्दल तुम्ही दोघं मला काही बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं.

रास एल-मा नावाचा झरा आहे, तिथल्या बाजूलाही बघितलं. पाण्याचा आवाज रात्रभर, बायका तिथे अजून कपडे धुतात, आईला फार आवडलं असतं. पण ते गावाचं वरचं टोक. खाली बसस्थानकाकडे स्वस्त हॉटेलं आहेत, तर तिथून गावच्या मुख्य चौकात यायचं म्हणजे सगळा चढ.

शेवटी जुन्या गावाच्या कडेला, प्लास एल-मखझेनजवळ खोली घेतली. गाडी दारात येते. तळमजला. कमोड आहे, त्याच्या बाजूला धरायला दांडी आहे, मी स्वतः लोंबकळून बघितली. गरम पाणी दहा मिनिटं सोडून ठेवलं, गरमच राहिलं. हीटर आहे, आणि तो लागतो का तेही बघितलं, कारण एप्रिलातही तिथली रात्र पाचगणीसारखी असते आणि जुन्या घरांच्या जाड भिंती थंडी धरून बसतात. किटली आहे, आई, सकाळचा चहा तुझा तू करशील. दिसायला मात्र तालुक्याच्या विश्रामगृहासारखी आहे. पडदे तपकिरी. बाबा, तुम्ही आत पाऊल टाकताच "हं" म्हणणार, ते मला आत्ताच ऐकू येतंय. पण खिडकी उघडली की गावामागचे दोन सुळके समोर. शावेन म्हणजे शिंगं, त्या सुळक्यांवरूनच गावाचं नाव पडलं म्हणतात.

तिथून मुख्य चौक, ऊता एल-हम्माम, चार पावलांवर. रस्ता जवळपास सपाट आहे, आईच्या चालीनं चालून बघितला, मध्ये बसायला जागाही आहेत. चौकात जुनी गढी आहे, आतल्या बागेत बसता येतं. बुरुजावर चढायचं नाही. मशिदीचा मिनार अष्टकोनी आहे, तो बाहेरूनच बघायचा, आत आपल्याला जाता येत नाही. पहाटेची अजान खोलीतही ऐकू येईल, पण तुम्ही तसेही पाचला उठून भांड्यांचा आवाज करताच.

गाव १४७१ मध्ये वसवलं, पोर्तुगीजांना अडवायला. त्याच वर्षी माझं टँजियर पोर्तुगीजांच्या हाती गेलं होतं. म्हणजे चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली त्याच्या आधी २६८ वर्षं इथे तीच भानगड चालू होती. आणि बाबा, हे तुमच्या कट्ट्यावर सांगा: पुढे पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात १६६१ च्या करारानं इंग्लंडच्या राजाला आंदण दिलं ते मुंबई आणि टँजियर, दोन्ही. एकाच रुखवतात. मी एका आंदणातून उठून दुसऱ्यात येऊन राहिलेय.

घरं का निळी, याची जितकी तोंडं तितकी कारणं. कुणी म्हणतं ज्यू लोकांनी सुरू केलं, कुणी म्हणतं डास येत नाहीत. आई, मला तर तू चुन्यात नीळ जरा जास्त कालवलीस आणि स्वयंपाकघर निळंशार झालं, ते वर्ष आठवलं. मी त्या भिंतीला पाठ लावून अभ्यास करायचे आणि पाठ निळी व्हायची. आणि छपरांवर चक्क उतरती लाल कौलं आहेत गं.

जेवणाची काळजी करू नकोस. बेसारा नावाचं एक सार मिळतं, वाळलेल्या बाकल्याच्या दाण्यांचं, म्हणजे वालासारख्या एका शेंगेतल्या दाण्यांचं. दिसायला थेट पातळ पिठलं, वरून ऑलिव्हचं तेल आणि जिरेपूड. सोबत गरम पाव. बाबांना दोन वाट्या लागतील. बकरीच्या दुधाचं ताजं चीज मिळतं, ते आपल्या पनीरच्या जवळचं. "ब्ला ल्हम" म्हणजे बिनमांसाचं, हे दोन शब्द पाठ करून ये. आणि पुदिन्याच्या चहात साखर भसाभस घालतात, म्हणून बाबांनी "ब्ला सुक्कर" पाठ करायचं. गंमत म्हणून एक पेला चालेल. एकच.

आता नीट ऐका. गोळ्या हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, मोठ्या बॅगेत नाही. मुंबईत व्हीलचेअर मागायची, दोघांसाठी, लाजायचं नाही. बाबा, ती कोल्हापुरी अजिबात नको, रबरी तळव्याचे बूट घ्या. आई, नी-कॅप दोन्ही आण आणि माझ्यासाठी लाडवांचा डबा दोन किलोंच्या वर नको. टँजियरला उतरल्यावर एक दिवस पूर्ण आराम, मगच शावेन. अडीच-तीन तासांचा रस्ता आहे, शेवटी पसरणीच्या घाटासारखी वळणं, आईला ओव्याची गोळी आधीच देईन.

बाबा, एक केलंय. त्या घरमालकीणबाईंशी बोलून ठेवलंय. रविवारी दुपारी आपण त्यांच्या चौकात जाऊन बसायचं, चहाचे पैसे देऊन, हवा तितका वेळ. लिंबाखाली दोन खुर्च्या टाकते म्हणाल्या. ऊन कुठल्या खांबावर येतं ते तुम्ही बघा.

तुमची,
चिमी

ता. क. हे सांगणार नव्हते, पण लपवून झोप येणार नाही. मी घेतलेल्या खोलीचं बुकिंग ८ तारखेपर्यंत फुकट रद्द करता येतं आणि ते घर अजून रिकामं आहे. तुम्हाला तिथेच राहायचं असेल तर आधी आपल्या बिल्डिंगचे दोन मजले न थांबता चढायचे, आईसमोर. नंतर लगेच मला फोन करायचा आणि एक पूर्ण वाक्य बोलून दाखवायचं. आई, खरं काय ते तू सांग.