दिवा लागला की कळव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं. काकांचा लॅपटॉप कपाटातून काढून तू सुरू केलास आणि तो पहिल्या झटक्यात सुरूही झाला, हे वाचून फार बरं वाटलं. पुढच्याच ओळीत मात्र तू लिहिलंयस, ‘वायफाय काही केल्या लागत नाही, भंगारात देऊन टाकावा म्हणतो.’ ते वाचल्यावर राहवेना, म्हणून लगेच लिहायला बसलो. अरे, देऊ नकोस. काकांची बोटं त्याच कीबोर्डला सरावली आहेत. नव्या चपट्या कळांवर त्यांना टंकता येत नाही, हे तूच मला सांगितलं होतंस. त्यांना मेल वाचायचे आहेत, चार पानं लिहायची आहेत. तेवढं काम ते यंत्र आजही करेल.

मागच्या वर्षी माझ्या २००६ च्या लॅपटॉपपायी मी हे सगळं केलंय. त्यातून एक पक्कं कळलं. वायफाय लागलं नाही की आपण ‘जुना झालाय’ म्हणून मोकळे होतो, पण यंत्र अडलेलं असतं एखाद्याच ठिकाणी. ते ठिकाण सापडलं की पुढचं काम सोपं असतं.

आधी खटका बघ. त्या काळातल्या बऱ्याच लॅपटॉपना वायफाय बंद-चालू करायला वेगळा खटका असायचा. माझ्या लॅपटॉपचा पुढच्या कडेला आहे, मनगट टेकतो त्याच्या बरोबर खाली. काळ्यावर काळा, तांदळाच्या दाण्याएवढा, नखानंच सरकतो. कव्हरात घालता-काढताना तो कधी सरकला ते मला कळलंच नव्हतं आणि त्यात अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी कड बोटानं चाचपत गेलो तेव्हा हाताला लागला. सरकवला आणि शेजारचा चिमुकला दिवा लागला. खटका नसेल तर एफएन कळ दाबून वरच्या रांगेतली अँटेनाचं चित्र असलेली कळ दाब. विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली असेल तर टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीत, ‘आरएफकिल लिस्ट’ (rfkill list) ही आज्ञा दे. ‘हार्ड ब्लॉक्ड’समोर ‘येस’ दिसलं तर गाडी खटक्यावरच अडली आहे, सॉफ्टवेअरमध्ये कितीही खटपट केलीस तरी उपयोग नाही.

दिवा लागूनही नेटवर्कची नावं दिसत नसतील, तर आत कुठलं वायफाय कार्ड आहे ते शोध. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडलास की पिवळं उद्गारचिन्ह दिसेल. त्याच्या तपशिलात हार्डवेअर आयडी असतो, त्यात ‘व्हीईएन’ आणि ‘डीईव्ही’पुढची चार-चार अक्षरं टिपून घे. लिनक्समध्ये ‘एलएसपीसीआय’ आज्ञेला ‘-एनएन’ जोडलंस (lspci -nn) की तेच आकडे मिळतात. लॅपटॉपवरच्या नावाचा इथं काही उपयोग नाही, चिप कुणाची आहे ते महत्त्वाचं. त्या काळातल्या बऱ्याच चिपना ड्रायव्हरबरोबर, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरबरोबर, फर्मवेअरही लागतं. यंत्र सुरू झालं की दर वेळी हा छोटासा प्रोग्रॅम चिपमध्ये भरला जातो. तो नसेल तर कार्ड यादीत दिसतं, पण मुकं असतं.

आता फर्मवेअर उतरवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला फर्मवेअर! यातून तुझा फोनच सोडवेल. फोन चार्जिंगच्या केबलनं लॅपटॉपला जोड आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू कर. लिनक्सला तो फोन तारेनं जोडलेल्या नेटवर्कसारखा दिसतो, वेगळं काही बसवावं लागत नाही. राउटरपर्यंत लॅनची केबल पोचत असेल तर तेही चालेल.

आता तू लिहिलेल्या मुख्य तक्रारीकडे येतो. ‘पासवर्ड बरोबर आहे, तरी जोडत नाही.’ मला वाटतं तुझी खरी अडचण इथंच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. वायफायचं पहिलं मानक १९९७ चं, ८०२.११ नावाचं. त्यातलं कुलूप म्हणजे डब्ल्यूईपी. ते कच्चं असल्याचं २००१ मध्येच सिद्ध झालं. मग २००३ मध्ये तात्पुरता उपाय म्हणून डब्ल्यूपीए आलं, २००४ मध्ये डब्ल्यूपीए२ आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए३. तुझा नवा राउटर फक्त डब्ल्यूपीए३ वर लावलेला असेल, तर जुन्या कार्डाला ती भाषाच येत नाही. मग पासवर्ड कितीही बरोबर असो. विंडोज एक्सपीचंही तसंच. त्याचं सर्व्हिस पॅक २ हे मोठं अपडेट असेल तर डब्ल्यूपीए२ साठी वेगळं अपडेट लागायचं, सर्व्हिस पॅक ३ मध्ये ते आलेलंच असतं.

राउटरच्या सेटिंगच्या पानावर जाऊन सुरक्षा ‘डब्ल्यूपीए२, एईएस’ कर. घरातल्या बाकीच्या उपकरणांना डब्ल्यूपीए३ ठेवायचं असेल, तर पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क सुरू करून एवढं यंत्र त्यावर ठेव, राउटर दोन्हीला वेगळी सुरक्षा लावू देत असेल तर. पण कुणी काही म्हणो, डब्ल्यूईपीपर्यंत खाली उतरू नकोस आणि पासवर्ड काढूनही टाकू नकोस. डब्ल्यूईपीची किल्ली काही मिनिटांत फोडता येते. एका यंत्रासाठी सगळ्या घराचं दार उघडं टाकायचं नाही, इथं मी अजिबात तडजोड करणार नाही. कार्डाला डब्ल्यूईपीपलीकडे काही येतच नसेल, तर कार्ड बदलायचं.

नेटवर्कचं नावच दिसत नसेल, तर कारण लहरींचं असू शकतं. त्या वेळची बहुतेक कार्डं २.४ गिगाहर्ट्झवरच ऐकतात. राउटर फक्त ५ गिगाहर्ट्झवर असेल तर त्यांना काहीच ऐकू येत नाही. २.४ चालू कर आणि त्याला वेगळं नाव दे. चॅनल १, ६ किंवा ११ ठेव, कारण काही जुनी कार्डं १२ आणि १३ कडे बघतच नाहीत.

आणि एक गंमत ऐक. माझं हे सगळं जमलं, पट्ट्या पूर्ण दिसायला लागल्या, पण एकही साइट उघडेना. प्रत्येक पानावर ‘जोडणी सुरक्षित नाही’. दोन दिवस मी राउटरला दोष देत होतो. मग कोपऱ्यातल्या घड्याळाकडे लक्ष गेलं, तर तारीख कितीतरी वर्षं मागची! आतला बटणासारखा सेल संपला होता, त्यामुळे वीज गेली की यंत्र तारीख विसरायचं. साइटची प्रमाणपत्रं तारखेवर तपासली जातात, तेव्हा त्या लॅपटॉपच्या लेखी ती सगळी अजून जन्मालाच आली नव्हती. तारीख दुरुस्त केली आणि पुढच्या क्षणी पानं उघडली. तो सेल बहुतेक सीआर२०३२, ३ व्होल्टचा असतो. तू आधी तारीखच बघ.

एक्सपी मात्र ठेवू नकोस. त्याला मायक्रोसॉफ्टचा आधार, म्हणजे सुरक्षेची अपडेट मिळणं, ८ एप्रिल २०१४ ला संपला. वायफाय लागलं तरी त्यातला मूळ ब्राउझर आजच्या बऱ्याच साइट उघडत नाही. लिनक्स टाक. प्रोसेसर ३२ बिटचा असेल तर लिनक्सचाच एक प्रकार, २०२३ चं डेबियन १२ घे, कारण २०२५ च्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटसाठी इन्स्टॉलर उरलेला नाही. शिवाय १२ पासून फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येतं, म्हणजे मघाची ओढाताण बरीचशी वाचते. त्याआधी अँटीएक्स २३ हे जुन्या यंत्रांसाठीचं हलकं लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून बघ. डिस्कला हात न लावता वायफाय लागतंय का ते कळेल. आणि इन्स्टॉल करण्याआधी काकांनी लिहिलेलं सगळं, अगदी सगळं, दुसरीकडे उतरवून घे. उतरवलेल्या दोन-चार फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडूनही बघ. यात घाई करू नकोस.

कार्ड खरंच गेलं असेल तर थेट नवं कार्ड आणू नकोस. मी आणलं, बॅटरी काढून झाकण उघडलं, अँटेनाच्या काळ्या-पांढऱ्या दोन तारा केसाएवढ्या टोकांवर श्वास रोखून बसवल्या, आणि सुरू करताच पडद्यावर संदेश आला की हे कार्ड चालणार नाही. कंपनीनं बायोसमध्येच, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्येच, ठरावीक कार्डांची यादी घालून ठेवली होती. विकत घेतलेल्या यंत्रात कुठलं कार्ड घालायचं हे मालकाला ठरवता येऊ नये, याचा मला आजही राग येतो. शेवटी यूएसबीचं वायफाय अडॅप्टर घेतलं. घेताना खोक्यावरचं नाव बघू नकोस, आतली चिप लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे गाभ्याला, ओळखीची आहे का ते बघ. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांमध्ये चिप बदललेली असते.

वेगाची काळजी सोड. ८०२.११जी कार्डाचा कागदोपत्री वेग ५४ मेगाबिट, हातात त्याच्या निम्म्याहून कमी पडतो, पण मेल आणि वाचनाला तेवढा पुष्कळ आहे.

शनिवारी दुपारनंतर मी मोकळा आहे. तोवर तारीख, खटका आणि राउटरची सुरक्षा एवढं बघून ठेव. ते चार-चार आकडे कळव, फर्मवेअर मी शोधून ठेवतो, मग फोनवर बोलत बोलत बसवू. काकांना शेजारी बसव. त्यांना पहिला मेल मीच पाठवीन.

काकांना सा. नमस्कार, वहिनींना नमस्कार.

तुझाच,
मित्र